हवा कुणाची? मिरा-भाईंदरची!

१६ मेच्या आसपास, दुपारी बरोबर १२ वाजून ३५ मिनिटांनी, भाईंदर स्टेशनबाहेर उन्हात ताठ उभे राहा आणि आपली सावली शोधा. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मागे नाही, पुढेही नाही. सावली गुल! ती तुमच्या चपलांखाली जाऊन बसलेली असते.

माहीत आहे का, याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात आणि दिल्लीकरांना तो आयुष्यात घरबसल्या बघायला मिळत नाही! सूर्याची उत्तरेकडची धाव कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे साडेतेवीस अंशांपर्यंतच. दिल्ली त्याच्या पलीकडे. आपण मात्र १९.३ अंशांवर, थेट व्हीआयपी बॉक्समध्ये. सूर्य उत्तरेला जाताना एकदा आपल्या डोक्यावरून जातो आणि परतताना पुन्हा एकदा. वर्षाला दोन शो! दुसरा शो २६-२७ जुलैच्या सुमारास असतो, पण तेव्हा स्टेजवर ढगांचा पडदा असतो.

आणि हे १२.३५ कुठून आलं? आपली घड्याळं उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेली आहेत. तिथून आपल्या डोक्यावर यायला सूर्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. लोकल वेळेवर आली, तरी आपली माध्यान्ह रोज लेट!

आता एक गुगली. सूर्य आपल्या सर्वांत जवळ कधी येतो? मे महिन्यात? चूक! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मिरा रोडच्या प्लॅटफॉर्मवर वर्षातून एकदा स्वेटर दिसतात त्याच दिवसांत. जुलैपेक्षा तो तेव्हा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ असतो, तरी गारवा! कारण उन्हाळा-हिवाळा अंतरावर नाही, पृथ्वीच्या कलण्यावर ठरतो. किरण सरळ पडले की भाजतात, तिरके पडले की नुसते शेकतात.

शेजारी असे, शेजारी तसे

अक्षांश हा हवामानाचा पहिला हीरो, हे शाळेत शिकलो. पण एकट्या हीरोवर पिक्चर चालत नाही. चला, भाईंदरच्या आडव्या रेषेवरून जगाची झटपट सैर करू.

आपल्याकडे उत्तनला जाताना डोंगरी लागतं. जवळपास त्याच अक्षांशावर, आफ्रिकेतल्या सुदानमध्ये, नाईल नदीच्या काठी एक गाव आहे डोंगोला. डोंगरी आणि डोंगोला, नावं जुळ्या भावांसारखी! पण डोंगरीच्या एका जुलैच्या दुपारी जेवढा पाऊस पडतो, तेवढा डोंगोलाला अख्ख्या वर्षात मिळाला तरी तिथं बातमी होईल. चहूबाजूंनी वाळवंट, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पावसाने यावं तरी कुठून?

तसंच पश्चिमेला जात राहिलं की लागते मेक्सिको सिटी. अक्षांश १९.४, आपल्या अगदी शेजारचा. तिथं मे महिन्यातही संध्याकाळी जॅकेट लागतं. का? शहर वसलंय सुमारे २,२४० मीटर उंचीवर! हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हा निसर्गाचा फिक्स्ड डिस्काउंट. आपल्याला त्याचा ट्रायल पॅक माथेरानला मिळतो. तिथली उंची जेमतेम ८०० मीटर, पण तेवढ्यावरही पाचेक अंशांची सूट.

थोडं आणखी पुढे, पॅसिफिकच्या मधोमध हवाई बेटं. तिथल्या मौना केआ पर्वताचा अक्षांश १९.८, उंची ४,२०७ मीटर. आणि हिवाळ्यात माथ्यावर चक्क बर्फ! सूर्य आपलाच, रेषाही जवळपास आपलीच, फक्त मजला वरचा.

पण माझा सगळ्यात लाडका शेजारी विषुववृत्ताच्या पलीकडे आहे. चिली देशातलं आरिका. आपण उत्तरेला जेवढे, जवळजवळ तेवढंच ते दक्षिणेला. शिवाय समुद्रकिनारी, आपल्यासारखंच. मग पाऊस आपल्याइतका? दिल थाम के बैठिए! ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८, सलग १७३ महिने तिथं पाऊस पडल्याची नोंद नाही. चौदा वर्षांहून जास्त! सर्वाधिक काळ कोरडं राहण्याचा हा जागतिक विक्रम. पहिलीत गेलेलं पोर कॉलेजात पोहोचलं असतं आणि त्याला छत्री म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

गुन्हेगार कोण? समुद्रच! आरिकाच्या किनाऱ्याला घासून दक्षिणेकडून येणारा थंडगार हम्बोल्ट प्रवाह वाहतो. गार पाण्यावरची हवा जड असते, ती वर चढतच नाही. हवा वर चढली नाही की पावसाचे ढग बनत नाहीत आणि ते नाहीत म्हणजे पाऊस नाही. आपला अरबी समुद्र मात्र कोमट, दिलदार, वाफेने भरलेला. समुद्र असणं पुरेसं नाही मंडळी, समुद्राचा स्वभावही लागतो!

वाऱ्याची शिफ्ट ड्यूटी

आता घरी येऊ. मिरा-भाईंदरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला काशिमिरा-चेण्याच्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मध्ये सपाट, समुद्रसपाटीपेक्षा फारशी उंच नसलेली जमीन. एका शहराला एवढे शेजारी म्हणजे हवामानाची फुल स्टारकास्ट!

यातला सुपरस्टार समुद्र. माहीत आहे का, पाणी तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या वाळूच्या जवळपास पाचपट उष्णता लागते? म्हणून सकाळी जमीन झटकन तापते आणि समुद्र अजून आळोखेपिळोखे देत असतो. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, रिकाम्या जागी समुद्रावरची गार हवा घुसते. हे खारे वारे! रात्री उलटा कारभार. जमीन पटकन निवते, समुद्र ऊब धरून ठेवतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे निघतो. हे मतलई वारे. भूगोलाच्या पेपरात दोन मार्क देणारी ही जोडी उत्तनच्या कोळ्यांच्या पूर्वजांची कंपनी होती. शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटेच्या मतलईवर समुद्रात जायचं आणि दुपारच्या खाऱ्यावर मासळी घेऊन परतायचं. फ्री फ्युएल, दोन्ही वेळचं!

आता सांगा, मुंबई परिसरातला सर्वांत तापलेला दिवस कोणत्या महिन्यातला? ‘मे’ म्हणालात तर एक खुर्ची मागे! सांताक्रूझ वेधशाळेचा विक्रम ४२.२ अंशांचा, तारीख १४ एप्रिल १९५२. आणि ४१.७ अंशांची एक नोंद तर मार्चमधली आहे, १९५६ सालची. त्यामागचं गुपित खाऱ्या वाऱ्याच्या शिफ्टमध्ये आहे. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून, देशावरून गरम कोरडा वारा जोरात येतो आणि समुद्राच्या वाऱ्याला दारातच अडवतो. रोज साडेअकरा-बाराला ड्यूटीवर येणारा खारा वारा मग दोन-तीन वाजेपर्यंत फिरकत नाही आणि पारा सुसाट सुटतो. मे महिन्यात हा पठ्ठ्या बहुधा वेळेवर हजर असतो.

म्हणूनच हवामान खात्याचा नियमही किनाऱ्यासाठी वेगळा आहे. उष्णतेची लाट मानायला मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो. किनाऱ्यावर ३७ पुरतात आणि डोंगराळ भागात तर ३०! अट एकच, तापमान नेहमीपेक्षा बरंच जास्त हवं. ३७ ऐकून नागपूरकर हसेल. हसू दे. त्याच्याकडे कोरडी हवा आहे, घाम येतो आणि उडून जातो, अंग गार पडतं. आपल्याकडची हवा आधीच पाण्याने पोट भरून बसलेली, ती आपला घाम प्यायला तयार नाही. म्हणून विदर्भात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर स्वर्ग दाखवतो आणि तोच कूलर मिरा रोडच्या वन बीएचकेमध्ये लावला तर चिकचिक दुप्पट!

आणि थंडी? सांताक्रूझची नीचांकी नोंद ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२. होय, हे मुंबईचंच तापमान! उत्तरेकडचे गार वारे थेट इथवर पोहोचले होते. पण हिमालयाचे आभार माना. मध्य आशियातली खरी गोठवणारी थंडी तो आपल्या खांद्यावर अडवतो. नाहीतर भाईंदरच्या बाजारात छत्र्यांशेजारी फरच्या टोप्या लटकल्या असत्या.

एक गाव, दोन हवामानं

हा माझा सर्वांत आवडता मुद्दा आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

मुंबई पट्ट्यात वर्षभरातला सुमारे ९५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. एकट्या जुलैचा पाऊस लंडनच्या अख्ख्या वर्षाच्या पावसापेक्षा जास्त! आणि उरलेले आठ महिने? जवळजवळ ठणठणीत. म्हणजे एकाच पिनकोडवर चार महिने पूर आणि आठ महिने कोरड. जगात फार थोड्या भागांना असा डबल रोल मिळालाय.

आणि इथल्या माणसांनी या दोन्ही रोलवर धंदे उभे केले, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. मिठागरंच घ्या. भरतीचं खाडीचं पाणी बांध घातलेल्या उथळ कप्प्यांत घ्यायचं आणि बाकीचं ऊन-वाऱ्यावर सोपवायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडतं, मीठ उरतं. यासाठी लागते सपाट जमीन, भरतीची खाडी, कोरडा वारा आणि सलग काही महिने पावसाची गैरहजेरी. भाईंदरकडे चारही! म्हणजे मीठ हे इथलं पीकच, फक्त ते पावसावर नाही, पाऊस नसण्यावर येतं. मिठाचं आगर ते मिठागर, आणि आगरी समाजाचं नावही याच ‘आगरा’शी जोडलं जातं. हवामानाने नुसतं पोट नाही, आडनावापलीकडची ओळखसुद्धा दिली!

दुसरा हीरो उत्तनचा बोंबील. ओला बोंबील म्हणजे बहुतांश पाणीच, तव्यावर टाकला की कळतं. तो टिकवायचा तर सुकवायला हवा आणि सुकवायला हवं कडक ऊन आणि खेळता वारा. पावसाळा सरला की उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या राहतात आणि त्यावर बोंबलांच्या तोरणामागून तोरणं चढतात. माहीत आहे का, टांगायला क्लिप लागत नाही की दोरा? दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. नॅचरल लॉक! एखादी अवकाळी सर आली की मात्र सगळी मेहनत भिजते. म्हणून इथल्या कोळणींना आभाळ वाचता येतं, मोबाइलवरच्या अॅपच्या कितीतरी आधीपासून.

पाऊस कुठला? सातासमुद्रापारचा!

भाईंदरवर पडणारा पाऊस लोकल नसतो, तो आउटस्टेशन गाडीने येतो. मॉरिशस आणि रियुनियन ही मास्करीन बेटं आहेत ना, त्यांच्या आसपास हवेच्या उच्च दाबाचा एक मोठा पट्टा असतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळण घेतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग पकडतात आणि अरबी समुद्रातून वाफेच्या टाक्या फुल करून आपल्याकडे सुटतात. म्हणून त्यांचं नाव नैऋत्य मोसमी वारे.

जाता जाता एक रेकॉर्ड. २४ तासांतल्या पावसाचा जागतिक विक्रम याच रियुनियन बेटाच्या नावावर आहे. जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक इथं १,८२५ मिलिमीटर! नाव फोक-फोक, आकडा मात्र एकदम खराखुरा.

या गाडीचं मुंबईतलं ठरलेलं आगमन ११ जून. पण २०२५ मध्ये तिने २६ मे रोजीच प्लॅटफॉर्म गाठला! १९५० पासूनच्या नोंदींत एवढ्या लवकर मोसमी पाऊस मुंबईत कधीच आला नव्हता.

एकदा किनाऱ्यावर आला की पावसाला भेटतो सह्याद्री. वारा डोंगर चढतो, गार होतो आणि हातातलं सगळं सोडून देतो. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. तिथून पाचगणी वीसेक किलोमीटर, पाऊस थेट तिसऱ्या हिश्शावर. घाट उतरून वाईला या, सातशेच्या आसपास. एका एसटीच्या तिकिटात तीन हवामानं! डोंगराच्या पाठीमागच्या या कोरड्या भागाला पर्जन्यछाया म्हणतात. केवढा सुंदर शब्द आणि तिथल्या शेतकऱ्याला केवढा महागात पडणारा!

आपल्या वाट्याला सह्याद्री नाही, पण राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. त्यातलं सर्वांत उंच टोक जांभूळमाळ, ४६८ मीटर. याच डोंगरांतल्या कान्हेरीच्या बौद्ध भिक्खूंना इथल्या पावसाचा डबल रोल पुरता कळला होता. त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी लेण्यांबाहेर खडकात पाण्याच्या पोढी कोरल्या, वरून पन्हळी काढल्या आणि चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवला. रेनवॉटर हार्वेस्टिंगचं हे ओरिजिनल व्हर्जन!

आणि २६ जुलै २००५. हा आकडा हसत सांगता येत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, पुण्याच्या अख्ख्या वर्षाच्या पावसाहून जास्त. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हिशेब करा. तुमच्या सोसायटीची गच्ची १०० चौरस मीटरची असेल, तर तेवढ्या गच्चीवर ९४ हजार लिटर. दहा हजारी टँकर नऊ भरले आणि वर पाणी उरलं! त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात किती? फक्त ७४ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत छत्री आणि उपनगरांत हाहाकार. शेकडो माणसं गेली. एका शहराचं आभाळसुद्धा एक नसतं, हे त्या दिवशी कळलं.

नाताळचं बाळ आणि बूमरँग साहेब

पेरूच्या कोळ्यांचा उत्तनच्या कोळ्यांशी काय संबंध? पाऊस! पेरूच्या किनाऱ्यावर काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्र नेहमीपेक्षा गरम व्हायचा आणि मासळी गायब व्हायची. तिथल्या कोळ्यांनी त्याला नाव दिलं एल निनो, म्हणजे बाळ येशू. पॅसिफिकमधलं हे बाळ रडायला लागलं की अनेकदा आपला मोसमी पाऊस रुसतो. २०१५ चा महाराष्ट्रातला दुष्काळ आठवतो? ते एल निनोचं वर्ष होतं. उत्तनच्या चर्चमध्ये नाताळ साजरा करणाऱ्या ख्रिस्ती कोळ्यांना हे नाव नक्कीच जवळचं वाटेल.

हे धागे जोडणारा माणूस भारतात काम करत होता. गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचा गणिती, १९०४ पासून भारतीय हवामान खात्याचा प्रमुख. आपल्या पावसाचा अंदाज बांधता बांधता त्याने पॅसिफिकच्या दोन टोकांवरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधून काढला. एक टोक वर, तर दुसरं खाली. माहीत आहे का, हा माणूस बूमरँगच्या गणिताचा एक्स्पर्ट होता आणि त्याचं टोपणनाव होतं ‘बूमरँग वॉकर’? फेकलेली गोष्ट फिरून परत कशी येते, हे त्याला आधीच पाठ होतं!

सासरे-जावयाची एक जोडीही लगे हाथ. जगाच्या हवामानाची सर्वांत गाजलेली वर्गवारी केली व्लादिमीर कोपेन यांनी, तीही झाडं-झुडपं कुठं काय उगवतात हे बघून. त्यांचा जावई कोण? आल्फ्रेड वेगेनर, ‘खंडं सरकतात’ म्हणणारा! जावयाचं म्हणणं खरं निघालं. भारताचा तुकडा दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला धडकला, हिमालय उभा राहिला आणि आपल्या मोसमी पावसाला बळ मिळालं. सासरे हवामान मांडत होते, जावई त्याचं मूळ!

आणि आता आपण स्वतः

हवामानाच्या घटकांच्या यादीत एक नाव उशिरा आलं. माणूस. १८१८ च्या सुमारास लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने मोजून दाखवलं की शहराची रात्र गावाच्या रात्रीपेक्षा उबदार असते. ढगांना आज आपण वापरतो ती शास्त्रीय नावं देणाराही हाच केमिस्ट! दिवसभर सिमेंट ऊन पितं आणि रात्रभर ते हळूहळू सोडतं.

आता मिरा-भाईंदर बघा. २००१ ची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार, २०११ ची ८ लाख ९ हजार. जिथं भातशेती आणि मिठागरं होती, तिथं टॉवर आले. ओली जमीन बाष्प सोडून गारवा देत होती, ती जागा डांबराने घेतली. म्हणून खाडीकाठच्या खारफुटीकडे मी जरा जास्तच प्रेमाने बघतो. तिथल्या तिवराची एक खास करामत माहीत आहे का? तो खाऱ्या चिखलात उभा राहतो आणि जादा मीठ पानांतून बाहेर टाकतो. उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात! प्रत्येक झाड म्हणजे छोटं मिठागर. शिवाय वादळी लाटांचा पहिला मार अंगावर घेणारा बाउन्सर तोच. अरबी समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की चक्रीवादळाला खुराक मिळतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकलं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईला घासून गुजरातला गेलं. तौक्ते हे नाव म्यानमारने दिलेलं आणि अर्थ पाल! अशा पाली वारंवार चुकचुकू लागल्या, तर बाउन्सर लागणारच.

अजून एक गंमत. एखाद्या जागेचं हवामान ठरवायला किमान ३० वर्षांची सरासरी धरतात. मिरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली २८ फेब्रुवारी २००२ रोजी. म्हणजे तिची पहिली सरासरी पूर्ण होणार २०३२ मध्ये! या तीस वर्षांत किती तिवर राहिले आणि किती टॉवर वाढले, हे त्या आकड्यात उतरलेलं असेल.

तोवर एक फ्री शो चुकवू नका. मार्चमधल्या एखाद्या दिवशी सकाळी सातला उत्तनच्या किनाऱ्यावर जा आणि वलांडींवरचे बोंबील बघा. त्यांच्या शेपट्या समुद्राकडे झुकलेल्या असतील. मतलई! मग गावात चहा घ्या, मासळीबाजार फिरा आणि दुपारी एकला परत या. तेच बोंबील, तीच दोरी, पण आता सगळ्या शेपट्या गावाकडे!